फुले योजनेत उपचार हवेत? ॲडव्हान्स भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. मुलानं त्यांना ऑटोत घातलं आणि नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. काउंटरवर चाळीस हजार ॲडव्हान्स मागितला, त्यानं भरून टाकला. दुसऱ्या दिवशी स्टेंट बसला आणि तिसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या पाटीवरून कळलं, की दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत आहे. घरात केशरी कार्ड होतंच. पण उत्तर मिळालं, "तुमची एन्ट्री कॅशमध्ये झाली, आता काही होत नाही."

योजनेची खरी मेख इथेच आहे. ती पूर्ण कॅशलेस आहे. खाजगी मेडिक्लेमसारखं आधी खर्च करा, मग बिलं लावा, असं इथे नाही. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यानं ऑनलाइन मंजुरी घ्यावी लागते. म्हणून भरती करतानाच, पहिला रुपया देण्याआधी, तोंडानं सांगायचं: "योजनेत करायचं आहे, आरोग्यमित्र कुठे बसतात?" आरोग्यमित्र म्हणजे पेशंटची योजनेत नोंद करून देणारा माणूस. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्याचं टेबल असतं. रिसेप्शनवाले दाखवत नसतील तर आपण शोधायचं. दवाखाना स्वतःहून का सांगत नाही, हे समजायला फार अर्थशास्त्र लागत नाही. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला आहे, तोही जनरल वॉर्डचा. नगदी पेशंटच्या बिलाला तशी मर्यादा नाही.

आता बसतं कोण? पूर्वी मुख्यतः पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्डवाल्यांना लाभ होता. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही चालतं, म्हणजे उत्पन्नाची अट जवळजवळ गेलीच. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. एकावर सगळं खर्च होऊ शकतं किंवा घरातल्या सगळ्यांत मिळून. आधी हा आकडा दीड लाख होता. किडनी प्रत्यारोपणाला साडेचार लाखांची मर्यादा आहे. मात्र आजार योजनेच्या यादीत असावा लागतो. साध्या तापाची ओपीडी यात येत नाही.

कागद दोनच मुख्य: रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र, शक्यतो आधार. ऐकायला सोपं आहे, पण माणसं अडतात ती इथेच. रेशन कार्डावर 'सुमनबाई' आणि आधारवर 'सुमन'. सून घरात येऊन सहा वर्षं झाली, तिचं नाव अजून माहेरच्या कार्डात. पांढरं कार्ड वीस वर्षांपूर्वीचं, कपाटात प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेलं, पण त्याचा बारा अंकी ऑनलाइन नंबरच निघालेला नाही. पांढऱ्या कार्डवाल्यांनी हा नंबर आजच पाहून घ्यावा. नसेल तर आपल्या झोनच्या रेशनिंग ऑफिसात आधार देऊन नोंद करून घ्यावी. आयसीयूच्या बाहेर उभं राहून हे काम होत नाही. नवजात बाळाचं नाव कार्डात नसणारच. त्याच्यासाठी जन्माचा दाखला आणि आईवडिलांचं कार्ड चालतं.

रात्री-बेरात्री अपघात किंवा झटका आला आणि कागद घरी राहिले, तर भरती थांबत नाही. आरोग्यमित्र फोनवरून तातडीची सूचना देऊन नोंद करतो, कागद मागाहून द्यायचे. तेही लवकर, सुट्टीच्या दिवसाची वाट पाहू नये.

मंजुरी आली की पॅकेजमध्ये खाट, नर्सिंग, डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण, सगळं येतं. परतीचं एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि सुट्टी झाल्यावर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणीही त्यातच. भाडं मागणारा माणूस मी अजून पाहिला नाही, पण हक्काचं आहे. "हे इंजेक्शन बाहेरून आणा" म्हटलं तर पावती जपून ठेवा आणि १५५३८८ वर तक्रार करा. टोल फ्री १८०० २३३ २२०० हाही नंबर आहे. घराजवळचा कोणता दवाखाना योजनेत आहे आणि कोणत्या आजारासाठी आहे, हेही तिथेच विचारता येतं. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. हाडांसाठी योजनेत असलेला दवाखाना हृदयासाठी असेलच असं नाही. नागपूरच्या मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी या सरकारी दवाखान्यांत योजना आहेच, तिथे गर्दीची तयारी मात्र ठेवा.

घरात सत्तरी पार केलेलं कोणी असेल तर केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं 'वय वंदना' कार्ड वेगळं काढून ठेवा. ते २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालं. उत्पन्न विचारत नाहीत, फक्त आधारवरचं वय पाहतात. ५ लाखांचं संरक्षण मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ज्येष्ठांना हे वरचे ५ लाख. खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतो. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा माजी सैनिकांची योजना असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. आयुष्मान ॲपवर आधारच्या ओटीपीनं घरबसल्या होतं, नाहीतर सेवा केंद्रात. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. आमच्या आजींचा जोडलेला होता तो आजोबांचा, दहा वर्षांपूर्वी बंद पडलेला.

छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे पाहुणे उपचाराला आपल्याकडेच उतरतात. त्यांना फुले योजना मिळत नाही, कारण रेशन कार्ड महाराष्ट्राचं लागतं. पण त्यांचं आयुष्मान कार्ड देशभर चालतं, नागपुरातल्या आयुष्मानच्या यादीतल्या दवाखान्यातही. गावाहून निघतानाच कार्ड बॅगेत टाकायला सांगा.

आणि आजार यादीत नसेल तर? धर्मादाय दवाखान्यांना, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टच्या दवाखान्यांना, १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार हे चालतं. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या खर्चात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला घेऊन दवाखान्यातल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा. "खाट रिकामी नाही" म्हणाले तर तसं लिहून मागा आणि तो कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार द्या. लिहून द्यायची वेळ आली की कधी कधी खाट सापडते, असाही अनुभव आहे.