चालतानाचा लोड वेगळा, उठतानाचा वेगळा

घरासाठी जनरेटर घ्यायचा म्हणून कुणाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सगळी बेरीज केलीय, दोन हजार वॅट होतात. दोन-अडीच केव्हीए पुरेल ना?" (केव्हीए हे जनरेटरच्या ताकदीचं माप: व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत.) बेरीज बहुतेक वेळा बरोबर असते. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज, बोअरची मोटर, सगळं कागदावर ओळीने लिहिलेलं असतं. पण ते सगळे आकडे वस्तू चालू असतानाचे असतात. सुरू होताना ती वस्तू किती ओढते, हा रकानाच त्या कागदावर नसतो, आणि जनरेटर मार खातो तो नेमका तिथे.

वीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, तरी ही चूक मला पहिल्यांदा नीट दिसली ती मामाच्या घरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं. खांब आडवे झाले, तारा रस्त्यावर आल्या, दापोली तालुक्यातल्या कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. मामाने घाईघाईत अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आणला. दुकानदाराने हिशोब करून दिला होता: एक एचपीची मोटर म्हणजे साडेसातशे वॅट, बाकी घर साडेसहाशे, झाले चौदाशे, अडीच हजारात आरामात बसतंय. पंखे लागले, फ्रीज लागला, मोबाइल चार्ज झाले. मग मोटरचं बटण दाबलं. जनरेटरचा आवाज एकदम खोल गेला, पंखे मंदावले, मोटरच्या स्टार्टर पॅनेलमधून नुसता घूं असा आवाज येत राहिला आणि टाकीत पाण्याचा थेंब पडेना. मामाने बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा बंद, पुन्हा लावलं. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मोटर जळाली. त्या दिवसांत बोअरमधून मोटर वर काढायला माणसं मिळेनात, आणि रिवाइंडिंग करणाऱ्याकडेही लाइट नव्हती. पंधरा दिवस मामीने विहिरीवरून हंड्याने पाणी भरलं.

आधी किरकोळ गोंधळ पटकन बाजूला करतो. बिलावरचे युनिट जनरेटरची साइज ठरवायला उपयोगाचे नाहीत. महिन्याला दोनशे युनिट म्हणजे महिनाभरात किती वीज वापरली ते. एका वेळी किती ओढली, ते त्यातून कळत नाही. बिलावरचा मंजूर भारही तसाच, तो महावितरणच्या हिशोबाचा. आणि केव्हीए की किलोवॅट, यावर लोक तासभर वाद घालतात. जनरेटरच्या पाटीवर पॉवर फॅक्टर छापलेला असतो, म्हणजे केव्हीएतला किती भाग किलोवॅट म्हणून मिळतो तो आकडा. तो ०.८ असेल तर ५ केव्हीए म्हणजे ४ किलोवॅट, १ असेल तर ५ केव्हीए म्हणजे ५ किलोवॅट. यापलीकडे त्यात काही नाही. हा फरक फार तर वीस टक्क्यांचा. चालताना आणि उठताना, म्हणजे सुरू होताना, यांतला फरक तिपटी-चौपटीचा असतो, आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

तर तो फरक.

गीझर, इस्त्री, शेगडी यांच्यात नुसती तार तापते. बटण दाबल्या क्षणी जेवढं ओढतात, जवळपास तेवढंच शेवटपर्यंत ओढतात. दोन हजार वॅटचा गीझर म्हणजे दोन हजार वॅटच. लोक गीझरला घाबरतात कारण आकडा मोठा दिसतो. एक एचपीच्या मोटरला कुणी घाबरत नाही. आणि सुरू होण्याच्या क्षणी तीच मोटर गीझरच्या दुप्पट-अडीचपट लोड टाकते.

कारण मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट दाब तयार करते. आतलं रोटर फिरतं, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजला आतून विरोध होतो आणि करंट आवाक्यात राहतो. पण रोटर थांबलेलं असताना हा विरोध शून्य असतो. त्या क्षणी २३० व्होल्टला अडवायला जवळजवळ फक्त वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी असते, आणि करंट धो धो आत शिरतो. रोटरने वेग पकडला की करंट आपोआप खाली येतो. चांगल्या व्होल्टेजवर हे सगळं अर्ध्या-एक सेकंदात आटपतं. चिखलात रुतलेली बैलगाडी ज्यांनी ढकललीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळा जोर पहिल्या हिसक्याला लागतो.

मामाची नवी मोटर बसवली आणि लाइट आली, तेव्हा मी पॅनेलकडे जाणाऱ्या फेजच्या वायरीला टाँगटेस्टर, म्हणजे चिमट्यासारखं करंट मोजायचं मीटर, लावून बसलो. इनरश, म्हणजे सुरू होतानाचा हिसका, पकडणाऱ्या बटणावर ठेवला, कारण साध्या रीडिंगवर तो क्षण निसटतो. आकडा दिसेपर्यंत मोटर उठलेली असते. मामाने बटण दाबलं. बावीस अँपिअर. मग साध्या रीडिंगवर घेतला, तर सहा. म्हणजे चालताना २३० गुणिले ६, साधारण १३८० व्हीए. उठताना २३० गुणिले २२, पाच हजारांच्या वर. आता दुकानदाराचा साडेसातशे आठवा. साडेसातशे हे मोटरच्या शाफ्टवर मिळणारं काम आहे. ते मिळवायला मोटर लाइनमधून जास्त घेते, आणि उठताना त्याच्या कित्येक पट घेते. एचपीला ७४६ ने गुणून जनरेटर विकणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठीच. गुणाकार बरोबर असतो, पण तो भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

"मग लाइटवर इतकी वर्षं काही झालं नाही ते?" हा पुढचा प्रश्न. गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ६३ किंवा १०० केव्हीएची असते. पाच केव्हीएचा एक हिसका तिला जाणवतही नाही, फार तर घरातला दिवा एकदा मिचकतो. अडीच केव्हीएच्या जनरेटरला मात्र तो स्वतःच्या दुप्पट असतो. इंजिन दम टाकतं, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटरचा जोर त्याहून वेगाने पडतो: व्होल्टेज निम्मं झालं तर जोर पाव होतो. पाव जोरात वरचं पाणी ढकलून रोटर फिरत नाही, आणि रोटर फिरत नाही म्हणून उलट दाब तयार होत नाही, आणि करंट खाली येत नाही. मोटर तशीच घूं करत तापत राहते. मामाची मोटर याच फेऱ्यात जळाली. घूं आवाज आला की दोन सेकंदांत बंद करा आणि पुन्हा लावून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात वाइंडिंग आणखी तापतं.

आता हिशोब कसा करायचा. मामाच्याच घराचा घेतो. दहा एलईडी, प्रत्येकी ९ वॅट: ९०. चार साधे पंखे, प्रत्येकी ७५: ३००. टीव्ही आणि वायफाय मिळून १००. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना १५०. झाले ६४०. त्यात मोटरचे चालतानाचे १३८० मिळवले की साधारण दोन हजार. इथपर्यंत सगळेच येतात आणि इथेच थांबतात.

पुढची पायरी अशी, की एका वेळी एकच मोटर उठते असं धरायचं आणि त्यांतली सगळ्यांत जड घ्यायची. तिचा उठतानाचा आकडा, अधिक बाकी सगळ्यांचा चालतानाचा. म्हणजे ५०६० अधिक ६४०, जवळपास ५७००. चालताना दोन, उठताना पावणेसहा. काही जण हे ऐकून दुसऱ्या टोकाला जातात. मोटरचं स्टार्टिंग, फ्रीजचं स्टार्टिंग, मिक्सरचं स्टार्टिंग, सगळंच बेरजेत घालतात आणि दहा केव्हीएवर पोचतात. तीही चूकच. सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला उठत नाहीत, आणि उठू नयेत हे आपल्या हातात असतं.

म्हणजे या घरासाठी तीन उत्तरं निघतात. मोटर जनरेटरवर घ्यायचीच नसेल तर सगळ्यांत जड उरतो फ्रीज. तो उठताना हजार-बाराशे घेतो, त्यामुळे २ केव्हीएत घर निवांत चालतं. मोटर घ्यायची, पण ती लावताना फ्रीज आणि बाकीचं बंद ठेवायची शिस्त पाळणार असाल तर ५ केव्हीए. उठताना तो काठावर जातो, पण चांगल्या अल्टरनेटरला, म्हणजे जनरेटरमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाला, क्षणभराचा ताण झेपतो. घरातल्या कुणीही, कधीही, कुठलंही बटण दाबायचं असेल तर ७.५ केव्हीए. मी स्वतः मधलं उत्तर निवडतो. दिवसातून एकदा टाकी भरायला लागणाऱ्या वीस मिनिटांसाठी अडीच केव्हीएचे जास्तीचे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

फ्रीजबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तो बटणावर उठत नाही, आतल्या थंडीवर स्वतःच्या मर्जीने उठतो. शिवाय लाइट गेल्या गेल्या जनरेटर लावला तर कॉम्प्रेसरमधला गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो, आणि त्या दाबावर उठताना तो जास्तच ओढतो. चार-पाच मिनिटं जाऊ द्या. जुन्या पद्धतीच्या एसीलाही हेच लागू. दीड टनाचा साधा एसी बोअरच्या मोटरइतका किंवा त्याहूनही जड धरा. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याला तो हिसका नसतो, तिथे चालतानाचे वॅट धरले तरी चालतात.

यावरून आणखी एक घोळ होतो. इन्व्हर्टर हा शब्द एसीला लागतो, बॅटरीच्या डब्याला लागतो आणि एका प्रकारच्या जनरेटरलाही लागतो. एसी इन्व्हर्टर असेल तर स्टार्टिंगचा प्रश्न सुटतो, म्हणून जनरेटर इन्व्हर्टर घेतला तरी सुटेल, असं लोकांना वाटतं. सुटत नाही. इन्व्हर्टर जनरेटर शांत असतो, लॅपटॉप-टीव्हीला स्वच्छ वीज देतो, पण अंगावर जास्त आलं की आतलं सर्किट सरळ ट्रिप होतं. साधा अल्टरनेटर जो हिसका कण्हत का होईना सोसतो, तो हा सोसत नाही. बोअर चालवायची असेल तर मी तो घेऊ देत नाही.

पाटीवर मॅक्स आणि रेटेड असे दोन आकडे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत मॅक्स लिहितात. तो काही मिनिटांपुरता असतो. तासन् तास चालायचा आकडा रेटेड, खरेदी त्याच्यावर करा.

"मोठाच घेऊ, काय बिघडतंय" हेही पटत नाही. डिझेल इंजिन तासन् तास तीस टक्क्यांच्या खाली चालवलं तर आत पुरेशी उष्णता होत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, कार्बन धरतो. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा तेलकट ओघळ दिसला की समजायचं. चार पंखे आणि दहा दिव्यांसाठी दहा केव्हीए रात्रभर चालवणाऱ्यांची इंजिनं मी उघडलेली पाहिलीत.

जोडणीबद्दल मात्र मी कुणाचंही ऐकून घेत नाही. चेंजओव्हर, म्हणजे लाइट किंवा जनरेटर यांतलं एका वेळी एकच घराला जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा नाही. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर प्लगमध्ये खुपसून घर चालवणारे लोक आहेत. मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज उलटी डीपीत जाते आणि तिथून पुढे हजारो व्होल्ट होऊन लाइनवर चढते. वादळानंतर त्याच लाइनवर लाइनमन चढलेला असतो. आणि जनरेटरचा सेट घराबाहेर, खिडक्यांपासून लांब. पडवीतही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतल्या माणसाला तो कळतच नाही.

मामाकडे आता पाच केव्हीएचा सेट आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं आणि पुन्हा लाइट गेली, तेव्हा त्याच्यावर टाकी भरली. चेंजओव्हरच्या शेजारी मामीने वहीचं एक पान चिकटवलंय, तिच्या अक्षरात: "आधी फ्रीज बंद. पंखे बंद. मग मोटर. टाकी भरली की मोटर बंद. मग फ्रीज."