हार्ड डिस्क बिघडल्याच्या सूचना, खऱ्या आणि बनावट: पार्श्वभूमी

हार्ड डिस्क निकामी होत असल्याची पडद्यावरची सूचना खरी मानायची की खोटी, हा प्रश्न खानदेशातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांपुढे ठळकपणे आला तो २०१० च्या अखेरीपासून. त्याआधीचे बनावट प्रोग्राम व्हायरसची भीती घालत असत. २०१० नंतरच्या टोळीने व्हायरसचे नावच काढले नाही. ‘सिस्टिम डिफ्रॅगमेंटर’, ‘एचडीडी स्कॅन’, पुढे ‘विंडोज रिकव्हरी’, ‘सिस्टिम फिक्स’, ‘फाइल रिकव्हरी’ अशी सतत नावे पालटणारे हे प्रोग्राम थेट यंत्रच मोडल्याचे सांगत आणि दुरुस्तीसाठी ‘पूर्ण आवृत्ती’ विकत घ्यायला लावत.

त्यांची खरी करामत मजकुरात नव्हती. प्रोग्राम शिरताच तो वापरकर्त्याच्या फाइलींना ‘हिडन’, म्हणजे न दिसणाऱ्या, करून टाकी, स्टार्ट मेनूमधले शॉर्टकट उचलून टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) फोल्डरमध्ये ‘एसएमटीएमपी’ नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवी, डेस्कटॉप काळा करी आणि चालू प्रोग्राम बंद करण्याचा टास्क मॅनेजर उघडू देत नसे. मग ‘हार्ड डिस्कचे क्लस्टर (साठवणीचे कप्पे) अंशतः खराब झाले आहेत’ अशा अर्थाची इंग्रजी खिडकी येई. समोर माणूस पाहतो तो डी ड्राइव्ह रिकामा, ‘माय डॉक्युमेंट्स’ रिकामे. अशा वेळी त्याने सूचनेवर विश्वास ठेवला, तर त्याला भोळा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुरावा आधी तयार करून नंतर आरोप ठेवला जात होता.

या खिडक्यांमध्ये रॅमचे तापमान ८३ अंशांवर गेल्याचेही सांगितले जाई. त्या काळच्या घरगुती संगणकांतील रॅमला स्वतःचे तापमान कळवण्याची सोय बहुधा नसेच. पण मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जात असताना, पत्र्याच्या खोलीतील डीटीपीच्या दुकानात बसलेल्या माणसाला तो आकडा अशक्य वाटण्याचे कारण नव्हते. भारनियमनामुळे वीज अचानक जाणे रोजचे होते आणि त्यामुळे डिस्क खरोखरच दुखावतात, हे अनुभवाने ठाऊक होते. त्यातच ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये आलेल्या महापुराने तेथील डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, डिस्कच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि ‘डिस्क गेली’ हे वाक्य नेहमीपेक्षा जास्त धडकी भरवू लागले.

आपल्याकडे या प्रोग्रामांना पैसे भरणारे फार नसावेत, कारण विदेशी संकेतस्थळावर चालणारे क्रेडिट कार्ड तेव्हा तालुक्याच्या गावी मोजक्याच लोकांकडे होते. नुकसान झाले ते उपचाराने. डिस्क उडाली असे समजून संगणक फॉरमॅट मारला जाई आणि जे केवळ लपवलेले होते ते खरोखर पुसले जाई. त्याहून सावध कारागीर आधी टेम्प फोल्डर साफ करीत, आणि नेमके तेथेच हलवलेले शॉर्टकट असल्यामुळे तेही नष्ट होत. प्रत्यक्षात आधी मूळ प्रोग्राम काढून टाकायचा, मग फाइलींचे गुणधर्म बदलणारी ‘अ‍ॅट्रिब’ ही जुनी आज्ञा किंवा त्याच कामासाठी निघालेले मोफत साधन वापरून फाइली पुन्हा दिसत्या करायच्या, एवढ्यावर बहुतेक प्रकरणे मिटत.

मात्र या सगळ्याचा दोष केवळ फसवणाऱ्यांवर टाकून भागत नाही. खरी डिस्क बिघडते तेव्हा ती काय बोलते हे लोकांना माहीत असते, तर खोट्या आवाजाला इतका वाव मिळाला नसता. आणि ते माहीत नसण्याचे मूळ १९९० च्या दशकातल्या एका निर्णयात आहे. डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवून बिघाडाची पूर्वसूचना द्यावी, ही कल्पना १९९२ च्या सुमारास मोठ्या संगणकांच्या डिस्कमध्ये आली. १९९५ पासून ती ‘स्मार्ट’ या नावाने घरगुती डिस्कसाठी मांडली गेली. सुरुवातीच्या मसुद्यात प्रत्येक डिस्कने गुणधर्मांचा एक तक्ता ठेवायचा होता: खराब सेक्टरच्या (डिस्कवरच्या साठवणीच्या लहान तुकड्याच्या) जागी दुसरे किती वापरले, वाचताना किती चुका झाल्या, वगैरे. प्रत्येक गुणधर्माला एक मूल्य आणि एक मर्यादा. मूल्य मर्यादेपर्यंत घसरले की ‘बिघाड संभवतो’ अशी सूचना. पुढे अधिकृत मानक ठरताना हा तक्ता बाहेर पडला आणि बंधनकारक राहिले ते केवळ ‘ठीक’ किंवा ‘ठीक नाही’ एवढे उत्तर. कोणता आकडा काय मोजतो आणि मर्यादा कुठे आखायची, हे उत्पादकांच्या हाती राहिले.

उत्पादकांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. मर्यादा कडक ठेवली तर धडधाकट डिस्कही वॉरंटीत परत येतील, प्रत्येकाची घडण वेगळी असल्यामुळे एकच मोजपट्टी सर्वांना लावणे चुकीचे ठरेल, असे ते म्हणत. परंतु त्याचा परिणाम काय झाला, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नोंदवले आहे: खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण ०.१ टक्क्यावर ठेवण्यासाठी आखलेल्या मर्यादांमुळे बिघडणाऱ्या डिस्कपैकी ३ ते १० टक्केच आधी ओळखल्या जातात, असा उत्पादकांचाच अंदाज होता. २००७ मध्ये एका शोधयंत्र कंपनीने आपल्या १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी चार मुख्य निर्देशकांपैकी एकाचाही इशारा दिलेला नव्हता. मात्र ज्या डिस्कमध्ये तिच्या पृष्ठभागाच्या तपासणीतली पहिली चूक नोंदली गेली, ती पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता ३९ पटींनी जास्त होती. याचा अर्थ असा, की डिस्कपाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते मालकापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मुद्दामच आखडती ठेवली गेली, आणि वॉरंटीच्या हिशेबापोटी ठेवली गेली असे म्हणण्यास जागा आहे.

त्यात विंडोज एक्सपीची भर पडली. डिस्कच्या बिघाडाची ठळक खिडकी एक्सपीनंतरच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, दिसू लागली. एक्सपीत नोंद झालीच तर ती इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, पडून राही. खानदेशातील कार्यालये, पतपेढ्या आणि डीटीपीची दुकाने त्यानंतरही कित्येक वर्षे एक्सपीवरच होती. म्हणजे ज्यांनी खरी सूचना कधी पाहिलीच नव्हती, त्यांना खोटी सूचना ओळखायची होती.

खरा बिघाड सहसा असा मोठा देखावा करीत नाही. संगणक सुरू होतानाच, विंडोज येण्यापूर्वी काळ्या पडद्यावर ‘स्मार्ट स्टेटस बॅड’ अशी ओळ येते; एखादी विशिष्ट फाइल उघडताना यंत्र दीर्घकाळ अडते; डिस्कमधून ठरावीक लयीत टक-टक आवाज येतो; स्मार्टच्या नोंदी दाखवणाऱ्या तपासणी साधनात ५ (बदललेले सेक्टर), १९७ (वाचता न येऊन प्रलंबित राहिलेले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न होणारे सेक्टर) या क्रमांकांचे आकडे वाढत जातात. येथेही घाई नको. लिहिण्याच्या मधोमध वीज गेली तर सेक्टर अर्धवट राहतो आणि १९७ चा आकडा वर जातो. त्या जागी पुन्हा लिहिल्यावर तो अनेकदा शून्यावर येतो. १९९ चा (डिस्क आणि संगणक यांच्यातील देवाणघेवाणीतल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर बहुधा डिस्क नसून केबल सैल असते.

२०१२ नंतर बनावट प्रोग्रामांची ती टोळी ओसरली, पण धंदा बंद झाला नाही. त्याने सभ्य कपडे घातले. संगणक ‘स्वच्छ’ करणारी साधने मोफत तपासणीत शेकडो ‘गंभीर त्रुटी’ दाखवून पैसे मागू लागली. विंडोज बनवणाऱ्या कंपनीने १ मार्च २०१८ पासून अशा घाबरवणाऱ्या साधनांना नको असलेले सॉफ्टवेअर ठरवायचे जाहीर केले, तेव्हा कोठे त्यांना आळा बसू लागला. २०१९ मध्ये अमेरिकेत कार्यालयीन साहित्याच्या एका नामांकित साखळीने आणि तिच्या भागीदाराने ३.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. त्यांच्या दुकानांतील तपासणीत ग्राहकाला संगणक मंद आहे का, अशासारखे प्रश्न विचारले जात आणि एकाचेही उत्तर ‘हो’ आले की व्हायरसची चिन्हे सापडल्याचे दाखवले जाई, असा आरोप होता.

आज खानदेशात सर्वाधिक आढळतो तो ब्राउझरमधला प्रकार: पूर्ण पडदा व्यापणारी निळी किंवा लाल खिडकी, भोंग्यासारखा आवाज आणि खाली दूरध्वनी क्रमांक. कोणतेही वेबपान डिस्कच्या स्मार्ट नोंदी वाचू शकत नाही, आणि विंडोजच्या खऱ्या त्रुटीत फोन करण्यासाठी क्रमांक नसतो, हे दोन मुद्दे येथे पुरेसे आहेत. फोन केल्यास पलीकडचा ‘तंत्रज्ञ’ दूरस्थ ताबा घेऊन इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा दाखवतो, ज्या कोणत्याही निरोगी संगणकात असतातच. पैसे गेलेच तर तक्रारीसाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे.

विंडोज ११ आता एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या एसएसडीचे (फिरते भाग नसलेल्या डिस्कचे) उरलेले आयुष्य आणि तापमान सेटिंग्जमध्ये दाखवते. साटा या जुन्या जोडणीच्या हार्ड डिस्कना ही सोय मिळालेली नाही. यूएसबीच्या बाह्य डिस्कमध्ये तर मधली चिप कित्येकदा स्मार्टच्या नोंदी पुढे पाठवतच नाही, आणि गावोगावचे छायाचित्रकार लग्नांचे चित्रीकरण वर्षानुवर्षे याच डिस्कवर साठवत आले आहेत.