लहान बाथरूमला पांढराच रंग हवा?

"बाथरूम लहान आहे ना, मग पांढराच द्या," असं पेंटरपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे सांगतात. हे अर्धवट खरं आहे. पांढरा रंग आलेला उजेड परत फेकतो; पण खिडकी म्हणून डक्टकडे उघडणारा झरोकाच असेल, तर फेकायला उजेड आणायचा कुठून? तोच पांढरा मग कोपऱ्यात मळकट राखाडी दिसतो. तिथे मातकट गुलाबी किंवा शेवाळी अशी मध्यम छटा खरंच जिवंत वाटते. शेडचा एलआरव्ही, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, पाहा: 0 काळा, 100 पांढरा, मध्यम साधारण 40 ते 60. आणि कृपा करून दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या, टाइल्सशेजारी आपल्याच बल्बखाली धरून बघा. पिवळ्या उजेडात शेवाळी पार बदलतो.