व्हेरिएंटचा माग आणि ८४ दिवसांचं अंतर

विषाणूची जनुकीय अक्षरं वाचून त्याचा माग काढायची पद्धत कोरोनाच्या आधीपासूनची आहे. पोलिओच्या शेवटच्या टप्प्यात एखाद्या गावात सापडलेला विषाणू कुठल्या भागातून आला, हे असंच ओळखलं जाई. फ्लूची लस दरवर्षी ठरवताना ही माहितीही वापरली जाते. आपल्याकडे मराठवाड्यात मात्र ‘जिनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द कानावर पडू लागला तो २०२१च्या सुरुवातीला, शेजारच्या विदर्भातल्या अमरावतीत रुग्ण एकाएकी वाढले तेव्हा.

या वाचनासाठी देशातल्या १० प्रयोगशाळांचं जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं. ब्रिटनमध्ये नवा प्रकार पसरल्याची ती धास्ती होती. पॉझिटिव्ह नमुन्यांपैकी ५ टक्के वाचायचे ठरले होते. दुसरी लाट भरात असताना प्रत्यक्ष प्रमाण १ टक्क्याच्याही आत राहिलं. मराठवाड्यातल्या स्वॅबची आरटी-पीसीआर इथेच व्हायची, पुढचं वाचन पुण्यात. तेही सीटी व्हॅल्यू (चाचणीत विषाणू कितव्या फेरीत दिसला तो आकडा) साधारण २५च्या खाली असेल, म्हणजे विषाणू भरपूर असेल, तरच. हा अहवाल उपचारासाठी नसतोच, त्यामुळे आपल्याला कुठला व्हेरिएंट झाला होता हे रुग्णाला सहसा कधी कळलंच नाही.

२४ मार्च २०२१ रोजी ‘डबल म्युटंट’ जाहीर झाला. राज्यातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल दिसले होते. नावच फसवं होतं, कारण त्या विषाणूत बदल डझनाहून जास्त होते. आणि ज्या उपप्रकाराने पुढे हाहाकार माजवला, त्या बी.१.६१७.२ मध्ये, म्हणजे डेल्टामध्ये, त्या दोनपैकी ई४८४क्यू नव्हताच. ग्रीक नावं आली ३१ मे रोजी. तोवर लाट ओसरू लागली होती.

खरा वाद झाला तो लशीच्या अंतरावरून. कोविशील्डचे दोन डोस सुरुवातीला ४ ते ६ आठवड्यांनी द्यायचे होते. २२ मार्चला ते ६ ते ८ झाले आणि १३ मे रोजी थेट १२ ते १६. कोव्हॅक्सिनचे २८ दिवस तसेच राहिले. त्याच आठवड्यात लस पुरत नाही म्हणून राज्याने १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवलं होतं. अंतर वाढवण्यामागे परदेशातला अनुभव आहे, असं सांगण्यात आलं. पण १४ मे रोजी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी हेच अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. कारण दिलं ते इथूनच तिकडे गेलेल्या बी.१.६१७.२ चं. तिथल्या अभ्यासात डेल्टाविरुद्ध एका डोसची परिणामकारकता सुमारे ३० टक्के निघाली, तर याच लशीच्या (तिथे ती ॲस्ट्राझेनेका नावाने ओळखली जाई) दोन डोसांची ६७. जूनमध्ये केंद्र सरकारच्या लसीकरण सल्लागार गटातल्याच काही जणांनी सांगितलं, की त्यांचा पाठिंबा ८ ते १२ आठवड्यांना होता, १६ पर्यंत ताणण्याला नव्हता. अंतर ठरलं ते परिणामासाठी की पुरवठ्यासाठी, हा प्रश्न पुढे न्यायालयातही विचारला गेला. शिक्षणाला किंवा नोकरीला परदेशी निघालेल्यांना मात्र २८ दिवसांची सवलत ७ जूनलाच मिळाली होती.

बीडच्या ऊसतोड मजुराला अशी सवलत नव्हती, आणि स्थलांतर तर त्याचंही ठरलेलंच. ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतला तर ८४ दिवस भरतात नोव्हेंबरात, आणि तोवर टोळी कारखान्यावर पोचलेली असते. गावातल्या आशाताईच्या यादीत नाव उरतं, माणूस नसतो. २०२१-२२ चा गाळप हंगाम तर अतिरिक्त उसामुळे उन्हाळाभर लांबला.

डोस कुणी घेतले याची नोंद एका पोर्टलवर, चाचण्यांची दुसऱ्यावर आणि व्हेरिएंटची तिसरीकडेच. त्यामुळे लस घेतलेल्याला कुठला विषाणू झाला, हे जुळवायला वेगळे अभ्यास करावे लागले. जुलै २०२१ मध्ये १७ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या, लस घेऊनही लागण झालेल्या ६७७ जणांचा अभ्यास आला. त्यांतल्या ८६ टक्क्यांना डेल्टा होता, रुग्णालयात जावं लागलं ते ९.८ टक्क्यांना आणि मृत्यू ०.४ टक्के. सप्टेंबरमध्ये लसीकरण आणि चाचण्यांच्या नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा मृत्यू टाळण्यात एक डोस ९६.६ टक्के आणि दोन डोस ९७.५ टक्के परिणामकारक निघाले. अंतर वाढवण्याच्या बाजूने बोलणारे आजही याच आकड्यावर बोट ठेवतात. आकडा खोटा नाही. पण मृत्यू टाळणं वेगळं आणि लागण टाळणं वेगळं, आणि मे महिन्यातला वाद प्रामुख्याने दुसऱ्याचा होता.

नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात पहिला डोस घेतलेले सुमारे ५५ टक्के होते, राज्यात ७४. मग लस न घेतलेल्यांना पेट्रोल, गॅस, रेशन द्यायचं नाही, असा आदेश निघाला. डिसेंबरात ओमायक्रॉन लातूर-उस्मानाबादेत पोचला. या वेळी काही आरटी-पीसीआर किटमध्येच एक जनुक ‘गायब’ दिसायचं, त्यामुळे पुण्याच्या अहवालाआधीच संशय येई. कोविशील्डच्या अंतराची खालची मर्यादा पुन्हा ८ आठवड्यांवर आली ती मार्च २०२२ मध्ये. तोवर लसीकरण केंद्रांवरच्या रांगा संपल्या होत्या.