‘हिंदी’ म्हणजे कोण?

शाळेच्या भूगोलात आपण ‘हिंदी महासागर’ शिकलो. या ‘हिंदी’चा भाषेशी काडीचाही संबंध नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीत ‘हिंदी’ म्हणजे भारतीय. ‘हिंदी लोक’, ‘हिंदी सैनिक’, ‘हिंदी संस्थाने’ हे शब्द तेव्हाच्या लिखाणात सर्रास भेटतात.

मूळ शब्द सिंधू, म्हणजे नदी. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी जुन्या इराणी भाषांत ‘ह’ येतो. आपला ‘सप्त’ तिकडे ‘हप्त’ होतो, ‘सप्तसिंधू’चा ‘हप्त हिंदू’ होतो. इराणच्या पहिल्या दारयवहूने इ.स.पूर्व ५००च्या सुमारास कोरवलेल्या शिलालेखांत त्याच्या ताब्यातल्या प्रांतांमध्ये ‘हिदुश’ आहे, तो हाच सिंधूकाठचा मुलूख. पुढे आयोनियन ग्रीकांच्या तोंडी ‘ह’ गळाला आणि ‘इंडोस’ उरला. ‘इंडिया’ त्यातूनच आला. एकाच नदीचं नाव दोन वाटांनी फिरून परत आपल्याकडे आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

‘हिंद’ला फारसी ‘ई’ लागून ‘हिंदी’ झाला, सरकारचं सरकारी होतं तसाच. त्यात धर्म नव्हता, जात नव्हती, भाषाही नव्हती. १९०४ साली इक्बालांनी ‘हिंदी हैं हम’ लिहिलं ते याच अर्थाने.

‘भारत’ही मराठीत तेव्हा होताच: गोखल्यांचा भारत सेवक समाज १९०५चा, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०चं. दोन्ही शब्द शेजारी नांदत होते. मग सप्टेंबर १९४९ उजाडला. १४ तारखेला संविधान सभेने देवनागरीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरवली. चारच दिवसांनी, १८ तारखेला, देशाच्या नावावर वाद रंगला. ‘भारत’ आधी यावा, ही ह. वि. कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली आणि डॉ. आंबेडकरांनी मांडलेला ‘इंडिया, म्हणजेच भारत’ हा मजकूर कायम झाला. एक शब्द भाषेच्या वाट्याला गेला, दुसरा देशाच्या. माणसासाठी ‘भारतीय’ रुळला.

मला मात्र तो जुना ‘हिंदी’ जवळचा वाटतो. जुन्या अंकात ‘लंडनमधील हिंदी विद्यार्थी’ असं वाचलं की आजच्या मुलाला वाटतं, हे तिथे हिंदी शिकत असावेत. त्यांत पुण्याचा मराठी मुलगा होता, मद्रासचा तमिळ होता, लाहोरचा पंजाबीही होता.