सज्जाबाग, छायेतील
बहुमजली इमारतीतील सदनिकेच्या ज्या सज्जात दिवसाचा बहुतेक वेळ थेट ऊन पोचत नाही, तेथे कुंड्यांतून केलेली लागवड. बोलण्यात सज्जाला गॅलरी किंवा बाल्कनी म्हणतात. ‘सज्जा’चा संबंध ‘सज्ज’शी लावावा असे प्रथमदर्शनी वाटते, परंतु हिंदी ‘छज्जा’शी, म्हणजे झाकणे या अर्थाच्या ‘छद्’ धातूशी तो जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. मूळच्या ‘छ’चा मराठीत ‘स’ होतो, हे छुरिका–सुरी व कच्छप–कासव या जोड्यांवरून परिचित आहे.

कमी उजेडात घराजवळ झाडे वाढविण्याचा छंद यूरोपात एकोणिसाव्या शतकात फैलावला. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास बंद काचपात्रात नेचा (फर्न) उगवलेला पाहिला आणि त्यातून काचपेटीची कल्पना पुढे आली. मुंबईत 2012 च्या नियमबदलानंतर सज्जे व खिडकीबाहेरील फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात मोजले जाऊ लागले.

छायेचे स्वरूप : झाडाखालची सावली आणि इमारतीची सावली वनस्पतींच्या लेखी एक नव्हेत. पाने तांबडा व निळा प्रकाश शोषून घेतात, अतितांबडा (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) मात्र बराचसा खाली जाऊ देतात. मोकळ्या उन्हात तांबड्याचे अतितांबड्याशी प्रमाण सुमारे 1.2 असते, दाट पर्णछत्राखाली ते 0.1 ते 0.2 पर्यंत उतरते. फायटोक्रोम या रंगद्रव्यामुळे रोपाला हा फरक जाणवतो आणि शेजाऱ्याच्या वर डोके काढण्यासाठी खोड उंच होऊ लागते. भिंत व स्लॅब सर्वच रंग अडवतात आणि सज्जात पोचतो तो मुख्यतः आकाशाचा विखुरलेला, निळसर उजेड. म्हणून तेथे रोपे लांबुळकी होण्याचे कारण प्रकाशाचा रंग कमी आणि एकूण तुटवडा अधिक, असे मानणे योग्य वाटते. जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या जातींविषयीचे सल्ले सज्जाला जसेच्या तसे लावताना हा भेद लक्षात ठेवावा.

प्रकाशसंश्लेषणाची कमाई आणि श्वसनाचा खर्च ज्या प्रकाशात समसमान होतो, तो संतुलन बिंदू. छायाप्रिय जातींत तो दर चौ. मी.ला सेकंदास साधारण 1 ते 5 मायक्रोमोल (प्रकाशकण मोजण्याचे एकक), तर ऊनप्रिय जातींत 10 ते 20 असतो. भर दुपारच्या उन्हात सुमारे 2,000 मायक्रोमोल प्रकाश मिळतो. या बिंदूच्या जेमतेम वर असलेले रोप मरत नाही, पण वाढतही नाही. महिनोन्‌महिने तशीच राहणारी कुंडी ‘खत कमी पडते’ म्हणून खतावली जाते. बहुधा तिला हवा असतो उजेड.

दिशेचा विचार अक्षांशाशी बांधलेला आहे. पुणे (सु. 18.5° उ.) व मुंबई (सु. 19° उ.) येथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. म्हणजे उत्तराभिमुख सज्जाला ऊन मिळण्याचे हेच दिवस. पण तेव्हा सूर्य इतका माथ्यावर असतो की वरच्या मजल्याचा स्लॅब त्याला आत येऊ देत नाही, आणि जूनपासून ढगही येतात. हाती राहते ते उन्हाळ्यातील सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन. दक्षिणेच्या सज्जाची गोष्ट उलटी : डिसेंबरात पुण्याला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सु. 48° वर असल्याने ऊन खोलवर शिरते. त्यामुळे सज्जाला सावलीचा ठरविण्याआधी त्याला वर्षभर पाहिले पाहिजे. समोर उंच इमारत असेल तर मात्र हे सारे गणित बदलते.

वनस्पती : महाराष्ट्रात छायेतील लागवडीचा खरा वारसा पानमळ्याचा आहे. शेवरी, शेवगा, हदगा व पांगारा यांच्या आधाराने आणि सावलीने वाढविलेली विड्याच्या पानांची वेल सज्जातही उत्तम येते. लांबलेली वेल खाली घेऊन पुन्हा मातीत पुरण्याची मळ्यातील ‘उतरण’ कुंडीतही करता येते. अळू, पुदिना, पानओवा, नेचे व बिगोनिया यांचेही चालते. तुळशीचे चालत नाही. पुरेशा उन्हाअभावी तिची पेरे लांबतात, पाने विरळ होतात. कठड्याची सर्वांत उजेडाची जागा तिला द्यावी.

सर्वत्र आढळणाऱ्या मनी प्लांटच्या नावाचा व मूळस्थानाचा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित होता. 1880 मध्ये तिचे वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने झाले. ‘पोथॉस’ हे व्यापारी नाव तेथूनच टिकून आहे. 1962 मध्ये फुलोरा पाहिल्यावर ती ऱ्हाफिडोफोरा प्रजातीत गेली, नंतर एपिप्रेम्नममध्ये आली, मधल्या काळात एपिप्रेम्नम पिनाटममध्येच गणली गेली आणि आता एपिप्रेम्नम ऑरियम ही स्वतंत्र जाती मानतात. बागकामाच्या साहित्यात तिचे मूळ सॉलोमन बेटांत सांगितलेले आढळते. पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांपैकी मोरेआ हेच मूळस्थान मानणे आज अधिक ग्राह्य आहे. ती जवळजवळ कधीच फुलत नाही. जिबरेलीन हे वाढीचे संप्रेरक तयार करणाऱ्या एका जनुकातील दोष याच्या मुळाशी असल्याचे 2016 मध्ये दाखविले गेले. हे संप्रेरक बाहेरून दिल्यावर तिला फुले आली.

स्नेक प्लांट (मूळ पश्चिम व मध्य आफ्रिका) पूर्वी सॅन्सेव्हिएरिया प्रजातीत होता, आता ड्रॅसीनात गणतात. ही झाडे हवा शुद्ध करतात, या समजाचा उगम 1989 च्या नासाच्या अभ्यासात आहे. तो बंद पेटीत केलेला होता. 2019 च्या एका आढाव्यानुसार घरातील वायुवीजनाइतका परिणाम साधण्यास दर चौ. मी.ला 10 ते 1,000 झाडे लागतील. उघड्या सज्जाबाबत तर हा दावा सोडूनच द्यावा.

निगा : छायेत माती उशिरा सुकते, आणि येथील बहुतेक झाडे दगावतात ती मुळे कुजून. बोट खुपसून वरचा थर कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे. पावसाळ्यात आठवडाभरही पाणी द्यावे लागत नाही. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बेताने घालावे, कारण ते पाणी धरून ठेवते. मनी प्लांट, अळू यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटाचे टोकदार स्फटिक असतात, म्हणून लहान मुले व मांजर यांच्यापासून कच्ची पाने दूर ठेवावीत. कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतल्याने ती निघत नाहीत.