गुरूचं वरचं वातावरण, तिथलं ऊन आणि ‘इलेक्ट्रोग्लो’चा घोळ

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीतलं 550 वॅटचं सोलर पॅनल गुरूपाशी नेऊन ठेवलं, तर भर उन्हात जेमतेम 27 वॅट देईल. पृथ्वीपाशी चौरस मीटरला 1361 वॅट ऊन मिळतं, गुरूपाशी सुमारे 50. त्यातलंही थर्मोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विरळ थर, शोषतं ते फक्त अतिनीलचं शेवटचं टोक, जे पृथ्वीपाशीच काही मिलीवॅट भरतं. या हिशेबाने तिथलं तापमान 200 केल्विनच्या आसपास हवं. प्रत्यक्षात ते कितीतरी जास्त असल्याचं व्हॉयेजर यानांनी 1979 मध्येच दाखवलं, आणि डिसेंबर 1995 मध्ये गॅलिलिओ यानाने सोडलेली शोधकुपी वातावरणात शिरली तेव्हा आकडा 900 केल्विनच्या जवळ निघाला. अभ्यासक याला ‘एनर्जी क्रायसिस’ म्हणतात. शब्दशः ‘ऊर्जासंकट’ केलं तर आपल्याला भारनियमन आठवतं. इथे प्रकरण उलटं आहे: ऊर्जा भरपूर आहे, ती येते कुठून याचा पत्ता नाही.

या गोंधळात भर पडली ती एका नावाने. गुरूच्या दिवसाच्या बाजूला व्हॉयेजरला हायड्रोजनची अतिनील चमक दिसली होती. उन्हाशी तिचं नातं उघड होतं, पण ती उन्हाच्या हिशेबात बसेना. जानेवारी 1986 मध्ये युरेनसवरही तेच दिसलं आणि ‘इलेक्ट्रोग्लो’ हा शब्द रूढ झाला. नावातच उत्तर घालून ठेवलेलं: वातावरणात इलेक्ट्रॉनांना कुठूनतरी वेग मिळतो, ऊन फक्त बटण दाबतं. तो वेग देतं कोण, हे मात्र पटेल असं कुणी दाखवलं नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं साधं होतं. हायड्रोजनचा रेणू अतिनील किरण गिळतो आणि पुन्हा सोडतो, ही एक चमक. उन्हाने उडवलेले फोटोइलेक्ट्रॉन इतर रेणूंवर आदळतात, ही दुसरी. दोन्हींची बेरीज पुरते. व्हॉयेजरच्या ढोबळ वर्णपटात जवळजवळच्या रेषा सुट्या दिसत नव्हत्या. 1990च्या दशकातल्या बारीक वर्णपटांनी गुरूपुरता तरी निकाल याच बाजूने दिला. नाव मात्र अजून फिरतं. मराठीत ‘विद्युत्प्रभा’ केलं तर वाचक थेट ध्रुवीय प्रकाशाकडे जातो, ज्याची ऊर्जा गुरूवर मुख्यतः ग्रहाच्या फिरण्यातून येते. त्यापेक्षा सरळ ‘डेग्लो’, म्हणजे दिवसाची चमक, म्हणावं.

मग ऊन थर्मोस्फिअरमध्ये करतं काय? सुमारे 80 नॅनोमीटरहून आखूड किरण हायड्रोजनचा रेणू आयनित करतात, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन उडवतात. तो दुसऱ्या रेणूला भिडला की एच-थ्री-प्लस हा तीन हायड्रोजन अणूंचा धनभारित आयन बनतो. गुरूवर त्याची ओळख 1989 मध्ये पटली. तो अवरक्तात उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे उन्हाचं हे अपत्य थर्मोस्फिअरला गारच करतं.

खाली स्ट्रॅटोस्फिअरात मात्र उन्हाचा वरचष्मा. मिथेन अवरक्त ऊन शोषून थर तापवतो, उन्हातली 121.6 नॅनोमीटरची लायमन-आल्फा ही हायड्रोजनची अतिनील रेषा त्याला फोडते, त्यातून इथेन आणि अ‍ॅसिटिलीन तयार होतात आणि 12 ते 14 मायक्रॉनला उष्णता सोडतात. येऊरच्या बाजूच्या गच्चीवरून 889 नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर लावून फोटो काढले तर मिथेनचं शोषण डोळ्यांनी दिसतं: खालचे ढग काळपट, कारण जाता-येता मिथेन ऊन खातो, ध्रुवांवरचं उंच धुकं आणि गुरूवरचं मोठं वादळ म्हणजे लाल डाग उजळ. मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि निदान 8 इंची दुर्बीण हवी. फिल्टर चढवल्यावर फोकस पुन्हा लावला नाही तर पट्टे पुसट होतात.

थर्मोस्फिअरच्या उष्णतेचा संशय आता ध्रुवांवर, तिथल्या ध्रुवीय प्रकाशावर आहे. गुरू दहा तासांच्या आत एक गिरकी घेतो. त्या वेगात वारे पूर्व-पश्चिम वळतात आणि ध्रुवांची उष्णता तिथेच अडकते, असं प्रारूपं सांगत आली. 2021 मध्ये आलेल्या थर्मोस्फिअरच्या नकाशात मात्र तापमान ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे टप्प्याटप्प्याने उतरताना दिसलं. युरेनसची साक्षही उन्हाविरुद्धच: 2007 चा विषुवदिन उलटून गेला तरी त्याचं थर्मोस्फिअर थंड होतच राहिलं. आणि 2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने लाल डागावरचं एच-थ्री-प्लस पाहिलं, तेव्हा उन्हाने बनलेली ती चमक सपाट असेल असं गृहीत होतं. निघाल्या काळ्या कमानी आणि उजळ ठिपके, बहुधा खालून वर चढणाऱ्या गुरुत्वलहरींमुळे (या हवेतल्याच लाटा, अवकाशातले गुरुत्वीय तरंग नव्हेत).